राखून ठेवलेलं पुस्तक

“बायंडर, जरा इकडे या हो. हे यंत्र मला आजी म्हणतंय.”

बाईंची हाक आली तेव्हा माझे दोन्ही हात खळीने बरबटलेले होते. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून मी पुस्तकं दुरुस्त करतो. सुटलेली पानं शिवतो, मोडलेल्या पाठींना नवं कापड लावतो आणि लोक पुस्तकांत विसरलेल्या चीजवस्तू एका डब्यात टाकतो. माझ्या खोलीचं दार बाईंच्या देवघेवीच्या काउंटरला लागूनच आहे, त्यामुळे आमचं बोलणं, भांडण आणि चहा सगळं त्या दारातूनच चालतं. मला वाटलं, कुणा वाचकाचं आगाऊ पोर बाईंना आजी म्हणालं असेल आणि ते त्यांना झोंबलं असेल. मी हसत हसतच बाहेर आलो. बाई हसत नव्हत्या.

त्या महिन्यात आमच्याकडे मोठी उलथापालथ चालली होती. आजवर ज्या त्या गावचं ग्रंथालय आपापल्या कपाटांचा राजा होतं. आता आसपासची सगळी ग्रंथालयं एकाच संगणक प्रणालीत येणार होती. थोडक्यात, सगळ्यांची चूल एक होणार होती. सगळ्यांची पुस्तकं एका यादीत, सगळे सभासद एका यादीत. कुठलंही पुस्तक कुठूनही मागवा, कुठेही परत करा, मधली ने-आण गुरुवारची गाडी करील.

हे सगळं शिकवायला मुख्यालयातून एक मॅडम आल्या होत्या. बोलायला गोड आणि कामाला चोख. त्यांनी बजावून सांगितलं की सभासदाची माहिती कामापुरतीच उघडायची, त्याचा पत्ता किंवा फोन स्वतःसाठी वापरायचा नाही. आणि मग हसून म्हणाल्या, “एक गंमत सांगते. पुस्तक मागवताना ‘कुठून नेणार’ असं विचारतात ना, त्या यादीत तुमचं ग्रंथालय सगळ्यात वर आहे. लोक घाईत पहिल्याच नावावर बोट ठेवतात. भलत्याच गावच्या वाचकांची पुस्तकं तुमच्याकडे येऊन पडतील. अशा वेळी आधी फोन करून विचारायचं.” बाईंनी मान डोलावत सगळं मनात कोरून घेतलं. काही माणसांचा चेहरा गाणं ऐकून खुलतो, बाईंचा नियम ऐकून खुलतो.

सगळ्या गावांच्या याद्या एकत्र केल्या की काही माणसं दोनदा निघतात. अशी जोडी सापडली की प्रणाली दोन्ही कार्डं शेजारी शेजारी मांडते आणि विचारते, माणूस एकच की दोन? उत्तर द्यायचं काम बाईंकडे होतं. त्या दिवशी पडद्यावर अशीच एक जोडी होती. डावीकडे आमच्याकडचं जुनं कार्ड, उजवीकडे एका लांबच्या गावचं. नाव तेच, जन्मतारीख तीच. उजव्या कार्डाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: पाल्याचं कार्ड, मुलगी, वय पाच.

“भिंगरी?” मी विचारलं.

बाईंनी मान हलवली. “तिला मुलगी आहे, बायंडर. पाच वर्षांची. मी पाच वर्षं आजी आहे, आणि सांगतंय कोण मला? तर हे डबडं.”

मग माझ्या लक्षात आलं की त्यांनी डाव्या हाताचा पंजा पडद्यावर टेकवून धरला आहे. त्याच्याखाली लेकीचा पत्ता आणि फोन होता.

भिंगरी ही बाईंची एकुलती एक लेक. हे नाव मीच ठेवलेलं, कारण ती एका जागी म्हणून टिकायची नाही. बाईंचा नवरा लवकर गेला, घरी बघायला कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की पोर थेट ग्रंथालयात यायची. माझ्या खळीत बोटं बुडवायची, कापडाचे तुकडे पळवायची आणि मग एका चित्रांच्या पुस्तकात डोकं खुपसून बसायची. वाळू न आवडणाऱ्या एका उंटाचं पुस्तक होतं ते. तिला तेवढं एकच लागायचं, सदानकदा. पण एकाच वाचकाला तेच पुस्तक लागोपाठ द्यायचं नाही, मध्ये एक दिवस तरी ते कपाटात राहिलं पाहिजे, असा आमचा नियम. बाई स्वतःच्या लेकीच्या हातून उंट काढून घ्यायच्या आणि कपाटात ठेवायच्या. दुसरं कुणी नेऊ नये म्हणून पोर ग्रंथालय बंद होईपर्यंत त्या कपाटासमोर राखणीला बसायची.

“अहो बाई, लेकरू आहे,” मी म्हणायचो.

“म्हणूनच. लोकांच्या पोरांना एक आणि माझ्या पोरीला एक, असं नाही चालायचं.”

पोरगी मोठी झाली, तिनंही ग्रंथालयाचंच शिक्षण घेतलं आणि आमच्याकडेच मदतनिसाची जागा निघाली. तिची मुलाखत सगळ्यांत चांगली झाली. मात्र ज्याचं जवळचं माणूस इथे कामाला आहे त्याला इथे घ्यायचं नाही, असा नियम होता. भिंगरी कुणाची लेक हे सगळ्यांना माहीत होतं, कागदावर तेवढं नव्हतं. “मला कुणी सांगितलंच नाही तर मला कळणार कसं?” असं म्हणून आमच्या ग्रंथालयाच्या साहेबांनी बाईंकडे बघून डोळे मिचकावले होते. बाई दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सांगून आल्या.

जागा दुसऱ्याला गेली. भिंगरी माझ्या दारात उभी राहून आईला म्हणाली, “एकदा, आई. माझ्यासाठी एकदा तरी नियम वाकवला असतास.” आणि बाई म्हणाल्या, “वाकवला असता तर तुला इथे रोज मान खाली घालून बसावं लागलं असतं.” मी दोघींच्या मध्ये पुठ्ठा कापत होतो. दोघींचंही बरोबर होतं, तीच तर पंचाईत होती.

तिला लांबच्या गावी नोकरी मिळाली. जायच्या आदल्या दिवशी ती ग्रंथालयात आली आणि परक्या वाचकासारखी रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिनं काउंटरवर उंट ठेवला. बाईंनी पुस्तक उघडलं, परतीच्या तारखेचा शिक्का मारला आणि सवयीनं म्हणाल्या, “वेळेत परत करा.” सगळ्यांना म्हणतात तसंच. पोरगी पुस्तक घेऊन निघून गेली. त्यानंतर दोघींमध्ये एक शब्द नाही. तिच्या लग्नाचं बाईंना मावशीकडून कळलं, तेही लग्न होऊन गेल्यावर, आणि ‘आईला पत्ता देऊ नकोस’ हा निरोपही त्याच मावशीकडून.

दर वर्षी पुस्तकांची मोजदाद झाली की साहेब म्हणायचे, “ते उंटाचं पुस्तक हरवलेल्यांत टाका आता.” दर वर्षी बाईंचं उत्तर ठरलेलं. “हरवलेलं नाही, साहेब. आलेलं नाही, एवढंच.”

आता तोच उंट पडद्यावर डावीकडच्या कार्डाखाली लाल अक्षरांत उभा होता.

“दोन्ही कार्डं एक केली की हे तिच्या नव्या कार्डावर जाऊन बसेल,” बाई हळूच म्हणाल्या. “इतक्या वर्षांची बाकी. कार्ड बंद पडेल. त्या छोटीचंसुद्धा. दोघी तिथे रांगेत उभ्या असतील आणि माझ्यासारखीच कुणी बाई सगळ्यांदेखत सांगेल, की तुम्हाला पुस्तक मिळणार नाही.”

“मग एक करू नका. दोन वेगळी माणसं आहेत म्हणा.”

“ती माझी नाही असं म्हणू? तेवढंच राहिलंय आता.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पंजा तसाच पडद्यावर ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं त्या लाल ओळीवर बाण नेला आणि ‘पुस्तक परत आले’ यावर बोट दाबलं. लाल ओळ नाहीशी झाली. मग ‘माणूस एकच’ यावर दाबलं. दोन कार्डांचं एक झालं, आणि पुढची जोडी आली, कुणीतरी निवृत्त डॉक्टर होते.

“बाई, पण पुस्तक तर…”

“आलंय म्हणते ना मी!”

त्यांचे कान लालबुंद झाले होते. इतक्या वर्षांत त्या काउंटरवर मी साहेबांना खोटं बोलताना ऐकलंय, वाचकांना ऐकलंय, मी स्वतः तर रोज बोलतो. बाईंचं ते पहिलंच. आणि ज्या पोरीसाठी ते केलं तिला त्याचा पत्ताही लागणार नव्हता. त्या दिवशी बाईंनी चहात दोनदा साखर घातली आणि तसाच पिऊन टाकला.

पुढे दिवस गेले. गुरुवारची गाडी सुरू झाली. परगावची पुस्तकं खोक्यांतून येऊ लागली, आमची जाऊ लागली. माझं काम वाढलं, कारण परक्या गावचे लोक आमच्या पुस्तकांना घरच्यासारखं वागवत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. आमचे लोकही त्यांच्या पुस्तकांना तसंच वागवत असतील, पण ते मला दिसत नाही. खोकी बाई स्वतः उघडायच्या. त्या लांबच्या गावचं खोकं असलं की जरा सावकाश उघडायच्या, प्रत्येक पुस्तक हातात घेऊन. तिनं हे हाताळलं असेल का, असंच ते बघणं होतं.

एका गुरुवारी यंत्राची पीं पीं ऐकू आली. पुस्तक वाचकानं परत केलेलं असलं की यंत्र एकदाच गोड वाजतं. हे वाईट वाजत होतं, आणि पुन्हा पुन्हा वाजत होतं. मी बाहेर येऊन पाहिलं. बाई त्या लांबच्या गावच्या खोक्यातलं एकच पुस्तक यंत्राखाली धरत होत्या आणि पडदा दर वेळी एकच सांगत होता: हे पुस्तक आधीच जागेवर आहे.

त्यांच्या हातात उंट होता.

पाठ मोडलेली, कोपरे दुमडलेले, पण तोच. बाईंनी तो उलटा धरून झटकला. काही पडलं नाही. मग पान अन् पान उलटून पाहिलं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. शेवटच्या पानावर त्यांनीच मारलेला परतीच्या तारखेचा शिक्का फिकट होऊन बसला होता. मधल्या एका पानावर मात्र कुणीतरी रंगखडूनं उंटाचे चारी पाय निळे करून टाकले होते, रेषेच्या बाहेर जाऊन, खूप जोर लावून.

“पाण्यात उभा केलाय त्याला,” बाई म्हणाल्या. “वाळू आवडत नाही ना.”

मी डोक्याला ताण देऊन विचार केला तेव्हा कुठे मला उलगडा झाला. कार्डं एक झाली की प्रणाली वाचकाला आपोआप निरोप पाठवते, की तुमची दोन कार्डं एक केली आहेत, तुमच्याकडे काहीही बाकी नाही. भिंगरीनं तो वाचला असणार. उंट तर तिच्या घरात होता. न आलेलं पुस्तक आलं म्हणू शकेल असं माणूस जगात एकच, आणि ते माणूस असं कधी करत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

“तिला कळलं, बाई,” मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. “पाठ शिवून द्या याची,” एवढंच म्हणाल्या.

“निळा रंग काढू का? हलकासा खोडला की जाईल.”

“हात लावून तर बघा.”

मी पाठ शिवली, जाड दोरा घेऊन, जरा जास्तच टाके घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक उघडला तर नवी मागणी आलेली. पुस्तक: उंटाचं. वाचक: पाल्याचं कार्ड, वय पाच. कुठून नेणार, यापुढे आमच्या ग्रंथालयाचं नाव.

मी टाळीच वाजवली. बाई क्षणभर उजळल्या आणि लगेच विझल्या. “पहिलंच नाव आहे आपलं,” त्या म्हणाल्या. “घाईत बोट पडलं असेल. तिला तिच्या गावातच हवं असेल.”

“मग फोन करा! मॅडमनीच सांगितलंय. कधी नव्हे तो नियम तुमच्या बाजूनं आहे.”

“करते.”

त्यांनी केला नाही. मागवलेली पुस्तकं ठेवायला काउंटरमागे एक मांडणी आहे. उंट त्यांनी तिथे सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवला, तोंड बाहेर करून, पाच वर्षांच्या पोरीचा हात सहज पोचेल असा. दिवसभर दार वाजलं की मान वर. कुणी लहान मूल घेऊन आत आलं की हातातलं काम हातात. मला बघवेना. दोन दिवसांनी मी म्हणालो, “बाई, फोन केल्याशिवाय कसं कळणार, चूक आहे की खरंच येणारेत?”

“कळेलच ना. तेच नकोय मला,” बाई म्हणाल्या. “फोन करत नाही तोवर ती येणार आहे.”

मी खोलीत जाऊन उगाच खळ ढवळत बसलो.

पण नियम तो नियम. चौथ्या दिवशी दुपारी, वाचक नसताना, बाईंनी फोन पुढ्यात ओढला आणि पडद्यावरचा नंबर बघून लावला, पहिल्यांदाच पंजा बाजूला घेऊन. मी दारात उभा राहिलो. त्यांनी जा म्हटलं नाही. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

“नमस्कार. ग्रंथालयातून बोलतेय. तुम्ही मागवलेलं पुस्तक…” त्या थांबल्या. आवाज एकदम खाली आला. “हो का? तूच मागवलंस? … हो, आलंय ना. उंटाचं. … नाही गं, रागवले नाही. छान रंगवलेत पाय. … मी? मी ग्रंथालयातली बाई. … आई आहे का घरात? दे तिला.”

बाईंच्या हातात शिक्का होता, तो त्या टेबलावर हळूहळू फिरवत होत्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “मीच.”

मी दारातून एक पाऊल पुढे आलो.

“ते पुस्तक इथे आलंय. ‘कुठून नेणार’ याच्यात आमचं नाव पडलंय. चुकून पडलं असेल तर बदलून देते, गुरुवारच्या गाडीनं तिकडे…” ऐकत राहिल्या. “बरं. … बरं, नाही बदलत. … आठवडाभर ठेवतात. नियम आहे तसा.” आणि मग घाईघाईनं, कुणी फोन हिसकावून घेईल अशा घाईनं, “नाही, म्हणजे, ठेवीन मी. तू कधीही ये. मी ठेवते.”

त्यांनी फोन खाली ठेवला.

“काय म्हणाली?”

“किती दिवस ठेवतात म्हणून विचारलं.”

“आणि?”

“‘बघते’ म्हणाली.” बाईंनी शिक्का जागेवर ठेवला. “तिचा आवाज जाड झालाय, बायंडर. आईसारखा झालाय. माझ्या नाही, कुठल्याही आईसारखा.” आणि तोंड फिरवून त्या मांडणीकडे बघत राहिल्या.

आठवडा संपला. कुणी आलं नाही. शनिवारी संध्याकाळी यंत्रानं मागणी आपोआप रद्द केली. ते यंत्र, त्याला काय. नियमानं उंट आता बालविभागाच्या कपाटात जायला हवा होता. बाईंनी तो उचलला, हातात घेऊन जरा उभ्या राहिल्या, आणि स्वतःचा खण उघडून आत ठेवून दिला. माझ्याकडे असं बघितलं, की बोलून तर दाखवा.

“मी काही पाहिलं नाही,” मी म्हणालो.

“शब्द दिलाय मी,” बाई म्हणाल्या.

रविवारी ग्रंथालय बंद असतं. सोमवारचा दिवस कोरडाच गेला. बाईंनी दर थोड्या वेळानं पडदा पाहिला आणि दर वेळी दुसरंच काहीतरी बघतोय असं भासवलं. मंगळवारी सकाळी मी अजून एप्रनही घातला नव्हता तर हाक आली.

“बायंडर!”

पडद्यावर नवी मागणी होती. पुस्तक तेच, कार्ड तेच, कुठून नेणार तर आमच्याकडूनच. आता चुकून बोट पडल्याची सबब उरली नव्हती. मी काही म्हणणार तेवढ्यात बाईंनी तारखेवर बोट ठेवलं.

“बघितलंत? कालच मागवता आलं असतं. पण सोमवार सोडलाय तिनं. एक दिवस कपाटात राहू दिलाय.” त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे भरून आले. “आणि आम्ही खणात दडवून बसलोय. पोर माझ्यापेक्षा नियमाची निघाली.”

त्यांनी खणातून उंट काढला. मला खालची फळी पुसून द्यायला लावली. पुस्तक तोंड बाहेर करून ठेवलं आणि खुर्ची जराशी तिरकी करून घेतली, काम करता करता दार दिसेल अशी.

तेव्हापासून असंच चाललंय. आठवडाभरानं मागणी रद्द होते, उंट एक दिवस कपाटात राहतो, आणि परत मागणी येते. त्या दोघी अजून आलेल्या नाहीत. मध्ये एकदा दुसऱ्या कुणी वाचकानं तेच पुस्तक मागितलं. बाईंनी त्याला नम्रपणे सांगितलं, “ते राखून ठेवलंय. आमच्या एका वाचकासाठी.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “जरा ते दार ओढताना करकरतंय, त्याला तेल घाला. लहान मुलं घाबरतात.”

मी तेल घातलं.